बोट दाखवा, मोठ्यानं म्हणा: घरातल्या आणि कामावरच्या सुरक्षेच्या वेगळ्या सवयींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते. आता सोसायट्यांत, महिला मंडळांत, कधी गावातल्या समाजमंदिरात याच विषयावर बोलायला जाते. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आसपास आणि नंतर पाऊस सुरू झाला की फोन आणि मेसेज वाढतात. विचारणारी माणसं नवी असतात, प्रश्न बहुतेक तेच. ते इथे एकत्र केलेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “वेगळ्या सवयी” म्हणजे नेमकं काय? सावध राहिलं की पुरत नाही का?

नाही पुरत. गॅस चालू ठेवून गावाला गेलेली माणसंसुद्धा एरवी सावधच असतात. हात सवयीनं चालत असतात आणि डोकं मुलाच्या डब्यात, सुटत आलेल्या लोकलमध्ये किंवा सासऱ्यांच्या औषधात अडकलेलं असतं, तेव्हा चूक होते. अशा वेळी “लक्ष ठेवा” हा सल्ला उपयोगी पडत नाही, कारण लक्षच जागेवर नसतं. म्हणून मी सांगते त्या सवयी शरीराला लावायच्या आहेत: बोटाला, तोंडाला, खिशाला, बुटाला. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतात. पण डोकं दुसरीकडे असतानाही त्या काम करतात.

२. बोट दाखवून मोठ्यानं बोलायची पद्धत आली कुठून?

जपानच्या रेल्वेतून. तिकडे तिला “शिसा कान्को” म्हणतात, म्हणजे बोट दाखवणं आणि पुकारणं. वाफेच्या इंजिनांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालक सिग्नल पाहून तो मोठ्यानं पुकारायचा आणि सोबतचा कोळसेवाला तोच परत म्हणायचा. पुढे त्यात बोटाची भर पडली. आज तिथला चालक सिग्नलकडे, वेगाच्या काट्याकडे, वेळापत्रकाकडे बोट रोखून त्याची स्थिती बोलतो. फलाटावरचे कर्मचारीही दारं आणि रूळ असेच तपासतात. रेल्वेतून ही पद्धत कारखान्यांत आणि बांधकामांवर गेली.

३. घरी करायची तर कशी?

रात्री ओटा आवरून झाला की रेग्युलेटरसमोर थांबा. आधी त्याच्याकडे नीट बघा. मग हात लांब करून तर्जनी थेट त्याच्यावर रोखा. श्वासभर थांबा. नॉब कुठे वळलाय ते डोळ्यांनी वाचा आणि मगच म्हणा, “रेग्युलेटर बंद.” तीन सेकंदांचं काम आहे, पण क्रम बदलू नका. आधी तोंड आणि मग डोळे असं झालं तर काहीही हाती लागत नाही.

बोलायचं ते दिसलेलं. “गॅस बघायचाय” किंवा “गॅस झाला” म्हणू नका. “रेग्युलेटर बंद”, “कडी लागली”, “इस्त्रीची पिन काढली” असं म्हणा. वस्तूचं नाव आणि तिची आत्ताची अवस्था, एवढंच.

आणखी एक. घरभर बोट दाखवत फिरू नका. माझ्या घरी चारच जागा आहेत: गॅसचा रेग्युलेटर, गिझरचं बटण, इस्त्री आणि बाहेरचं कुलूप. नातवंडं आली की बाल्कनीचं दार पाचवं. याहून जास्त जागा घेतल्या की आठवड्याभरात सगळंच सुटतं, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

याचा एक फायदा नंतर कळतो. बस सुटल्यावर “कुलूप लावलं का?” असं मनात आलं की कानात आपलाच आवाज येतो: “कुलूप लागलं.” परत जिना चढावा लागत नाही.

४. नुसतं मनात म्हटलं तर नाही का चालत?

थोडा फरक पडतो, पण फार नाही. जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये एक साधी चाचणी घेतली. बटणं दाबायच्या कामात काहीच न करता दर शंभर कृतींमागे २.३८ चुका झाल्या. नुसतं बोट दाखवलं तेव्हा १.५, नुसतं पुकारलं तेव्हा १.०. दोन्ही एकत्र केल्यावर ०.३८. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच वस्तूवर येतात तेव्हा मनाला दुसरीकडे जायला जागा कमी उरते. ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे, तुमच्या ओट्यावरचा आकडा हाच येईल असं मी म्हणणार नाही. पण बोट आणि आवाज दोन्ही का हवेत, ते यातून दिसतं.

५. आपल्याकडे हे कुणी करतं का?

भारतीय रेल्वेत रोज होतं. इंजिनात लोको पायलट आणि सहायक लोको पायलट समोरचा सिग्नल हाताच्या इशाऱ्यासह एकमेकांना मोठ्यानं सांगतात. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं स्वतः पाहून तेच म्हणायचं. मुंबईच्या लोकलमध्ये मागच्या डब्यातून गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) दोन घंटा देतो तेव्हा मोटरमन गाडी सोडतो. शेवटच्या डब्याजवळ उभे असाल तर ती घंटा ऐकू येते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९९६ पासून कंडक्टरला फलाटाच्या मधोमध लावलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवावं लागतं. गाडी नीट जागेवर थांबली आहे याची खूण पटवली की मगच दारं उघडायची.

आणि लग्नघरातले आचारी! उकळत्या आमटीचं पातेलं दोघं धरून नेताना “गरम, गरम, बाजूला!” असं ओरडत येतात. तीही हीच सवय. घरी दोन माणसं ओट्याशी असतील तर कुकर किंवा चहाचं भांडं उचलताना “मागे गरम आहे” म्हणायला काय हरकत आहे?

६. लोक हसतात. काय करू?

पहिले दहा दिवस हसतील. आमच्या कारखान्यात नवीन मुलं हसायची, तेव्हा आम्ही सर्वांत जुन्या ऑपरेटरला आधी करायला लावायचो. घरात थोरल्यांनी सुरुवात केली की मुलं मागोमाग करतात, आणि नंतर तीच टोकतात: “आजी, आज बोट नाही दाखवलं.”

७. दोन महिन्यांनी तोंड आपोआप बोलतं, लक्ष नसतंच. मग उपयोग काय?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ही सवय अशीच मरते. बोट रोखल्यानंतरची श्वासभर थांबायची जागा आधी गळते, मग बोट कमरेपाशीच हलतं, मग “रेग्युलेटर बंद” हे शब्द ओटा पुसतानाच निघून जातात. कारखान्यात यावर आमचा उपाय असा होता की जोडीदारानं अधूनमधून विचारायचं, “काटा कितीवर?” आकडा सांगता आला नाही तर पुन्हा जाऊन बघायचं. घरी आकडा नसतो, पण खूण असते: नॉबवरची रेघ कोणत्या बाजूला, कुलपाची कडी आत गेलीय की नाही. ती खूण बोलण्यात आणा. जागा चारच ठेवायच्या त्याही याचसाठी (प्रश्न ३).

८. मी आधीच पाच-सहा वेळा परत जाऊन कुलूप ओढून बघते. मला याची मदत होईल का?

एकदा बोट दाखवून, एकदा म्हणून तुमची शंका मिटत असेल तर जरूर करा. पण बोट दाखवूनही परत जावंसं वाटतं, न गेल्यास जीव कासावीस होतो, त्यात रोज वेळ जातो, असं असेल तर ही सवय तुमच्यासाठी नाही. तिनं तपासण्याला आणखी एक पायरी मिळेल. हा मनाच्या आजाराचा भाग असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, सुरुवात म्हणून सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

९. गॅसचा वास येतोय. तेव्हाही एकेका बटणाकडे बोट दाखवून ते बंद करायचं का?

नाही! वास आला की कोणतंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. एक्झॉस्ट पंखा लावू नका, फ्रिजची पिन ओढू नका, दाराची बेल वाजवू नका. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटरचा नॉब बंद करा, जमत असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरवर टोपण बसवा, सगळ्यांना घेऊन बाहेर जा आणि बाहेरून १९०६ वर फोन करा. ते टोपण सिलिंडरला दोरीनं बांधलेलं येतं. बरेच जण दोरी तोडून टोपण खणात टाकतात आणि ऐन वेळी ते सापडत नाही. बांधलेलंच राहू द्या.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून खालपर्यंत वारा जाईल असं दार उघडणं महत्त्वाचं. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो. तिथे स्वयंपाकघरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बिलावर छापलेला तातडीचा क्रमांक लावायचा. तो क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा.

गळती तपासायला साबणाचं पाणी. काडी कधीच नाही.

१०. घरातलं विजेचं बारीकसारीक काम करताना कोणती एक सवय पाळू?

एक नाही, दोन सांगते. पहिली जुन्या वायरमनकडून शिकलेली: काढलेला किटकॅट खिशात घालायचा. पांढऱ्या चिनी मातीचा तो फ्यूज बोर्डावर ठेवला की “हा कुणी काढून ठेवला?” म्हणत घरातलं कुणीतरी परत बसवतं, आणि तुम्ही वर स्टुलावर उघड्या वायरींना हात घालून असता. खिशात असला की तो परत लावणारे तुम्ही एकटेच. नव्या घरांत एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवलेले खटके) असतात, ते खिशात घालता येत नाहीत. तिथे खटका खाली करून त्यावर चिकटपट्टी लावायची, “काम चालू, हात लावू नका” लिहायचं आणि घरातल्या माणसांना तोंडीही सांगायचं.

दुसरी सवय टेस्टरची. आधी टेस्टर चालू पॉइंटमध्ये घालून तो पेटतोय का बघा. मग कामाच्या जागी लावा. मग पुन्हा चालू पॉइंटमध्ये. मधल्या जागी पेटला नाही म्हणजे वीज नाही, की टेस्टरच बिघडलाय, हे या तीन पायऱ्यांशिवाय कळत नाही.

बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती झाली की स्वतःच वीज तोडणारा खटका) असेल तर त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. घरातल्या माणसांसाठी बसवलेली आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडायला हवी. बटण दाबूनही ती पडली नाही, तर वायरमनला बोलवा. मी वीजबिल येईल त्या दिवशी दाबते, म्हणजे विसरत नाही.

११. मेन बंद केला होता, तरी शॉक लागला. असं कसं?

बहुतेक वेळा कारण इन्व्हर्टर असतं. मेन बंद केला की त्याला वाटतं वीज गेली, आणि तो आपली वीज त्याच वायरीत सोडतो. इन्व्हर्टर वेगळा बंद करायलाच हवा. छतावर सौर पॅनेल असतील तर ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरी जिवंत राहतात. काही घरांत नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून काम करतात. तिथे वायरिंग उलटं झालं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच राहतो. पंख्याच्या, एसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही साठा असतो. मायक्रोवेव्ह तर घरी उघडूच नका. प्रश्न १० मधल्या टेस्टरच्या तीन पायऱ्या नेमक्या अशा वेळी जीव वाचवतात.

१२. आमच्या कंपनीत मशिनला कुलूप लावून काम करायला सांगतात. एका टीमला एक कुलूप पुरेल ना? आणि कुणी चावी घेऊन घरी गेला तर?

एक कुलूप पुरत नाही. ज्याचे हात मशिनमध्ये, त्याचं कुलूप स्विचवर आणि चावी त्याच्याच खिशात. पाच जण असतील तर पाच कुलपं. त्यासाठी अनेक भोकांची पट्टी मिळते. अमेरिकेत १९८९ पासून यासाठी वेगळा नियमच आहे, आणि आपल्या चांगल्या कारखान्यांतही ही पद्धत रुळली आहे.

मला हे एका मिक्सरनं शिकवलं. फिटर आत हात घालून पातं सोडवत होता. स्विच बंद होता, पाटीही होती, पण कुलूप नव्हतं. दुसरा ऑपरेटर चहा पिऊन आला आणि रोजच्या सवयीनं त्यानं हिरवं बटण दाबलं. फिटरनं पाना घ्यायला त्याच क्षणी हात बाहेर काढला होता. तो पाना हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होता. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाजारातून कुलपं आणली.

कुलूप लावल्यावर एकदा स्टार्ट बटण दाबून बघायचं: मशिन चालू झालं नाही, तर बरोबर स्विचला कुलूप लागलंय. पाळी बदलताना येणाऱ्यानं आधी आपलं कुलूप लावायचं, मगच जाणाऱ्यानं आपलं काढायचं. चावी घरी गेली तर कुलूप तोडण्याआधी तो माणूस आवारात नाही याची खात्री करा, त्याच्याशी संपर्क करा, मशिन आतून तपासा, आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या समोरच तोडा. दुसऱ्या दिवशी त्यानं कामाला हात लावण्याआधी त्याला सांगा, नाहीतर आपलं कुलूप अजून आहे असं समजून तो हात घालेल.

१३. गाडीचं दार “उलट्या हातानं” उघडायचं म्हणजे काय?

दाराच्या जवळचा हात न वापरता लांबचा वापरायचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्यानं डाव्या हातानं दार उघडायचं. डावीकडच्या प्रवाशानं उजव्या. त्यामुळे खांदा आणि मान आपोआप मागे वळतात आणि मागून येणारी सायकल किंवा स्कूटर दिसते. नेदरलँड्समुळे ही सवय ओळखली जाते आणि ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत ती २०२२ मध्ये आली. डावीकडे फुटपाथ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, आपल्याकडे दुचाकी डावीकडूनही घुसतात.

१४. स्वयंपाकघरात सुरी-विळीचं काय?

हातातून निसटलेली सुरी पकडायची नाही. हात वर, एक पाऊल मागे, पडू द्यायची. हे लाटणं किंवा चमचा पडतानाही करत राहा, म्हणजे सुरीच्या वेळी हात आपोआप मागे येतो. विळी मात्र उठण्याआधी मिटायची. फोन वाजला, दूध वर आलं, काही झालं तरी आधी पातं खाली, मग पाय जमिनीवर. आमच्या आजीनं हे शिकवलं तेव्हा तिनं कारण सांगितलं नव्हतं. पुढे कारखान्यात “जागा सोडण्याआधी मशिन बंद” हा नियम वाचला तेव्हा मला तिची विळी आठवली.

१५. जुन्या विहिरीत किंवा पेवात (धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) उतरण्याआधी कंदील सोडतात. सेप्टिक टाकीलाही तसंच करावं का?

कंदील विझला तर प्राणवायू कमी, एवढंच त्यातून कळतं. धान्याच्या पेवात तो धान्यच शोषून घेतं, म्हणून झाकण काढून पेव बराच वेळ उघडं ठेवायची रीत आहे. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. असं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसं आत जायची कधीच घाई करत नाहीत.

सेप्टिक टाकीत आणि गोबरगॅसच्या टाकीत मात्र ज्योत सोडणं घातक आहे, कारण तिथे पेटणारा मिथेन असतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड असतो. कमी असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. “वास गेला, आता उतरा” असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. टाकीत माणूस उतरवायचाच नाही, यंत्राची गाडी बोलवायची. माणसाला अशा टाकीत सुरक्षेविना उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

एक जण आत कोसळला तर मागोमाग उडी मारू नका. अशा अपघातात जीव गमावणारा दुसरा आणि तिसरा माणूस बहुतेक वेळा पहिल्याला वाचवायला गेलेलाच असतो. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

१६. पावसाळ्यात शेतावर किंवा कोकणात राहायला जातोय. काय पाळू?

बूट घालण्याआधी उलटे करून आपटा, प्रत्येक वेळी. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नको. सरपण आणि पेंढा हातानं उचलण्याआधी काठीनं हलवा. झोपताना खाट वापरा, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा: मण्यार रात्री घरात येते आणि तिचा दंश झोपलेल्या माणसाला कळतही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा.

१७. सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि गोळ्यांचा घोळ होतो. त्यांना यातलं काही जमेल?

जमेल. आवाज दुसऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी आहे. गोळी तळहातावर घ्यायची, दिव्याखाली बोट दाखवून म्हणायचं, “रक्तदाबाची, सकाळची एक.” घरातल्या कुणीतरी समोर बसून तेच परत म्हणायचं, रेल्वेतल्या जोडीसारखं (प्रश्न ५). बोलणं अवघड असेल तर बोट आणि मान डोलावणंही चालेल. गोंगाटाच्या कारखान्यात आम्ही तेच करायचो.

१८. या सगळ्यातलं एकच सुरू करायचं तर काय करू?

एक वही घ्या आणि तिच्यावर “थोडक्यात वाचलो” असं लिहा. आठवड्यात जे जे होता होता राहिलं ते एकेका ओळीत लिहायचं: ओल्या फरशीवर पाय सरकला, तव्याला पदर लागता लागता राहिला, इस्त्री तासभर चालू राहिली. कुणाचं चुकलं ते लिहायचं नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून कुणी काही सांगणार नाही. महिन्यानं वाचली की आपल्या घरात नेमकं कुठे हुकतंय ते दिसतं. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात सहापैकी चार ओळी एकाच जागेच्या निघाल्या, न्हाणीघराच्या उंबऱ्याच्या. गिझरच्या बटणाकडे बोट दाखवणं त्याआधी कितीतरी वर्षं चालू होतं. उंबऱ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आता तिथे खरखरीत पट्टी लावली आहे आणि भिंतीला एक दांडा.